नंगा पर्वतावरील ती रात्र

माणसे डोंगर का चढतात, हा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरेही आता जुनी झाली आहेत. कोणी म्हणतो कीर्तीसाठी, कोणी म्हणतो देशासाठी, तर कोणी सांगतो की डोंगर समोर उभा आहे एवढे कारण पुरेसे आहे. गिर्यारोहणाची पुस्तके वाचताना सपाटीवर राहणाऱ्या वाचकाचे मन मात्र वेगळ्याच ठिकाणी अडते. शिखरावर झेंडा रोवल्याचे वर्णन आपण भराभर वाचून टाकतो. पण जिथे माणूस अडकतो, पुढे जाता येत नाही आणि मागेही वळता येत नाही, तिथे आपण पान उलटायचे विसरतो. त्या ठिकाणी पराक्रमाची कथा संपते आणि माणसाची कथा सुरू होते.

हर्मन बूल ह्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाचे आत्मकथन १९५४ साली प्रसिद्ध झाले आणि दोन वर्षांनी त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. जगातील चौदा आठहजारी शिखरांपैकी एकाच शिखरावर पहिले पाऊल एकट्या माणसाचे पडले. ते शिखर नंगा पर्वत आणि तो माणूस बूल. पर्वतारोहणाच्या इतिहासात त्याचे नाव आहे ते ह्या पराक्रमासाठी. परंतु त्याचे चरित्र वाचून संपल्यावर मनात उरते ते शिखर नव्हे. उरते ती शिखरानंतरची रात्र. साऱ्या आयुष्यात कुठेही न थांबलेला एक माणूस त्या रात्री थांबला, आणि थांबला म्हणूनच वाचला.

बूलचा जन्म २१ सप्टेंबर १९२४ रोजी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे झाला. चार भावंडांत तो धाकटा. आई लहानपणीच वारली आणि त्याची काही वर्षे अनाथालयात गेली. मूल प्रकृतीने नाजूक, स्वभावाने हळवे. असे मूल पुढे आल्प्समधील अत्यंत बिकट कडे चढेल, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. परंतु इन्सब्रुक हे गावच असे, की घराबाहेर पडून मान वर केली की डोंगर दिसावा. ज्या मुलाला घरात मायेचा आधार नव्हता त्याने खडकाचा आधार शोधला, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा ठरू नये. १९३९ साली, पंधराव्या वर्षाच्या सुमारास, तो आल्पाइन क्लबात दाखल झाला आणि थोड्याच काळात अवघडातल्या अवघड चढाया करू लागला. संकटात सापडलेल्यांना डोंगरावरून खाली आणणाऱ्या इन्सब्रुकच्या पथकातही त्याने काम केले.

मग युद्ध आले. व्यापारविषयक शिक्षण अर्धवट टाकून त्याला जर्मन सैन्याच्या पहाडी दलात जावे लागले. इटलीत मॉन्टे कॅसिनोच्या भीषण लढाईत तो होता. पुढे अमेरिकन सैन्याने त्याला कैद केले. सुटून परत आला तेव्हा हाती ना पदवी, ना पैसा. मिळेल ते काम करीत त्याने दिवस काढले आणि चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस पर्वतमार्गदर्शकाचे प्रशिक्षण पुरे केले. १९५१ साली त्याचे लग्न झाले. पुढे त्याला तीन मुली झाल्या.

ह्या काळातील बूलचे वर्णन एकाच शब्दात करायचे तर तो शब्द ‘वेग’ हा होय. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवर पिझ बादिले नावाचे शिखर आहे. त्याची ईशान्येकडील भिंत १९३७ साली इटलीच्या रिकार्डो कॅसिनने आपल्या सोबत्यांसह प्रथम चढली. त्या चढाईला तीन दिवस लागले. पाचांपैकी दोघे जण उतरताना थकव्याने आणि थंडीने मरण पावले. तीच भिंत १९५२ साली बूलने एकट्याने सुमारे साडेचार तासांत चढली! तेथवर जाण्यासाठी रेल्वेभाडे परवडणारे नव्हते, म्हणून तो सायकलवर गेला आणि सायकलवरच परतला. वाटेत झोप अनावर होऊन तो सायकलीसकट इन नदीत जाऊन पडला, अशी हकिकत आहे. आपल्याला ती वाचताना हसू येते; पण त्या हसण्यातच त्याच्या स्वभावाची किल्ली आहे. दमला तरी मुक्काम करायचा नाही. रात्र झाली तरी चालत राहायचे.

त्याच वर्षी तो आयगरच्या कुप्रसिद्ध उत्तर भिंतीवर गेला. तेथे वादळाने गाठले. भिंतीवर त्या वेळी निरनिराळ्या तुकड्यांचे मिळून नऊ जण होते, त्यांत फ्रान्सचा नामांकित गास्तों रेब्युफाही होता. बर्फाने मढलेल्या शेवटच्या भागात बूल पुढे राहिला आणि नऊच्या नऊ जण सुखरूप वर पोचले. पुढच्या हिवाळ्यात, हिमालयाची तयारी म्हणून, त्याने बव्हेरियातील वाट्समानची प्रचंड पूर्व भिंत रात्रीच्या वेळी एकट्याने चढली. असा माणूस १९५३ साली नंगा पर्वताच्या मोहिमेत निवडला गेला.

नंगा पर्वत हे नाव आपल्या कानाला परके नाही, कारण ते मूळ संस्कृतच आहे. ज्याच्या उभ्या कड्यांवर बर्फही टिकत नाही असा हा नग्न पर्वत. हिमालयाच्या पश्चिम टोकाला, सिंधू नदीच्या वळणाजवळ, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या गिलगिट-बाल्टिस्तानात तो उभा आहे. उंची ८,१२६ मीटर. आपल्या कळसूबाईवर कळसूबाई रचीत गेलो तर जवळजवळ पाच कळसूबाया लागतील. ह्या पर्वताने १९५३ पूर्वी एकतीस बळी घेतले होते. १८९५ साली इंग्लंडचा ममरी दोन गुरखा सैनिकांसह येथे नाहीसा झाला. १९३७ साली एकाच रात्री हिमप्रपाताखाली सोळा माणसे छावणीत झोपेतच गाडली गेली. परंतु बूलच्या कथेशी ज्या दुर्घटनेचे नाते सर्वांत जवळचे आहे ती १९३४ सालची.

त्या वर्षी विली मेर्कल ह्या जर्मन नेत्याची तुकडी शिखराच्या बरीच जवळ पोचली असता वादळ सुरू झाले. ते दिवसचे दिवस थांबेना. परतीच्या वाटेवर माणसे एकामागून एक कोसळली. मेर्कलसह तीन जर्मन आणि सहा शेर्पा त्या वादळात मेले. अगदी शेवटी मेर्कल, गे-ले नावाचा शेर्पा आणि आंग त्सेरिंग असे तिघेच वर उरले होते. आंग त्सेरिंग कसाबसा खाली पोचला आणि वाचला. गे-ले मात्र आपल्या साहेबापाशीच राहिला. चार वर्षांनी, १९३८ मध्ये, त्या दोघांचे देह बर्फात सापडले. एका माणसाने दुसऱ्याला एकटे मरू दिले नाही, एवढेच त्या दृश्याचे सांगणे होते. पर्वतारोहणाच्या ग्रंथांत शिखरे जिंकणाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत असतात. गे-लेने कोणतेच शिखर जिंकले नाही. पण धैर्याची व्याख्या करू लागलो तर त्याला वगळून ती पुरी होणार नाही.

१९५३ ची मोहीम ह्याच मेर्कलच्या स्मरणार्थ निघाली होती. नेता होता मेर्कलचा सावत्र भाऊ, म्युनिकचा डॉक्टर कार्ल हेर्लिगकॉफर. शेर्पांना येता आले नाही, म्हणून हुंझा भागातील माणसे ओझी वाहण्यासाठी घेतली होती. जून महिना हवेच्या लहरीत गेला. महिना संपताना मूळ तळावरून वरच्या छावण्यांना खाली उतरण्याचा हुकूम सुटला. पण नेमके त्याच वेळी आकाश निवळले. वर असलेल्या बूल, केंप्टर, फ्राउएनबेर्गर आणि छायाचित्रकार एर्टल ह्या चौघांनी उतरण्यास नकार दिला. शिस्तीच्या दृष्टीने हा अपराधच. पण तो झाला नसता तर त्या वर्षी शिखर हाती लागले नसते हेही खरे. आज्ञाभंग कधी क्षम्य ठरतो, ह्याचे उत्तर यशावरून द्यायचे की हेतूवरून, हे ज्याने त्याने ठरवावे.

२ जुलैला सुमारे ६,९०० मीटरवर पाचवी छावणी लागली. छावणी कसली, एक लहानसा तंबू! फ्राउएनबेर्गर, एर्टल आणि हुंझाचे भारवाहक सामान पोचवून खाली गेले. तंबूत बूल आणि ऑटो केंप्टर असे दोघेच उरले. तेथून शिखर सुमारे १,२०० मीटर उंच आणि सहा किलोमीटर दूर. इतके अंतर एका दिवसात तोडायचे म्हणजे हिमालयाच्या तोवरच्या अनुभवाप्रमाणे वेडेपणा होता. सर्वसाधारण मोहिमेने मध्ये आणखी एक-दोन छावण्या लावल्या असत्या.

३ जुलैच्या पहाटे, अडीचच्या सुमारास, बूल तंबूबाहेर पडला. केंप्टरची तयारी झालेली नव्हती. बूल थांबला नाही. मागाहून तो गाठेल ह्या हिशेबाने तो पुढे गेला, आणि खाण्याच्या जिनसांचा काही भाग केंप्टरच्या पिशवीतच राहिला. केंप्टर तासाभराने निघाला. परंतु वरच्या रुपेरी पठाराच्या तोंडाशी त्याची शक्ती संपली आणि तो परत फिरला. बूल आता खराखुरा एकटा होता. प्राणवायूची नळकांडी नव्हती. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ एक तृतीयांश असतो. दोन पावले टाकावी आणि दहा वेळा धापा टाकाव्यात, असा प्रकार. ओझे कमी व्हावे म्हणून त्याने पाठीवरची पिशवीही वाटेत ठेवून दिली, आणि तिच्यात त्याचा जाड लोकरी स्वेटर राहिला! रात्रीच्या आत परत येऊ ह्या भरवशावर केलेली ही काटछाट होती. शरीर चालेना तेव्हा त्याने पर्व्हिटिन ह्या उत्तेजक औषधाच्या गोळ्या घेतल्या. शेवटचा टप्पा तो हातापायांवर रांगत गेला. संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे निघाल्यापासून साडेसोळा तासांनी, तो शिखरावर पोचला.

वर त्याने आपली बर्फकुऱ्हाड रोवली, तिला पाकिस्तानचा झेंडा बांधला, छायाचित्र घेतले आणि पत्नीसाठी एक दगड उचलला. सूर्य मावळत होता. विजयाचा आनंद उपभोगण्यास ना वेळ होता, ना त्राण. पुरावा म्हणून कुऱ्हाड वर सोडल्यामुळे उतरताना आधाराला बर्फावर घसरण्याच्या खेळातील दोन काठ्या तेवढ्या उरल्या. थोडे खाली येतो तोच एका बुटाला बांधलेल्या खिळ्यांच्या साच्याचा, म्हणजे क्रॅम्पॉनचा, पट्टा निघाला. आता एका पायाला बर्फात पकड होती आणि एकाला नव्हती. तेवढ्यात अंधार पडला.

येथे बूल आयुष्यात प्रथमच मुकाट्याने थांबला. जवळजवळ ८,००० मीटरवर, तीव्र उताराच्या खडकावर, दोन पाय कसेबसे मावतील एवढी जागा त्याला मिळाली. बसता येत नव्हते. झोपणे तर दूरच. स्लीपिंग बॅग नाही, तंबू नाही, स्वतःला बांधून घ्यायला दोर नाही, अंगात पुरेसे गरम कपडे नाहीत. एका हाताने खडक धरायचा, दुसऱ्या हातात काठ्या सांभाळायच्या आणि उभे राहायचे. किती वेळ? सकाळ होईपर्यंत! रक्ताभिसरण चालू राहावे म्हणून त्याने बरोबरच्या गोळ्या घेतल्या. अधूनमधून उभ्या-उभ्या डोळा लागे आणि तोल जाण्यापूर्वी दचकून जाग येई. पायांची संवेदना हळूहळू नाहीशी झाली.

ह्या रात्रीचे सामर्थ्य कशात आहे, ह्याचा विचार करावासा वाटतो. चढताना माणसाला काहीतरी करता येते. पाऊल टाकता येते, अंतर कमी होताना दिसते आणि त्या दिसण्याचा आधार मिळतो. इथे करण्यासारखे काहीच नव्हते. पिझ बादिलेची तीन दिवसांची भिंत ज्याने साडेचार तासांत संपवली, त्याला आता घड्याळाचा एकेक काटा पुढे सरकताना नुसता सोसायचा होता. अंधारात चाचपडत उतरण्याचा मोह किती जबर असेल! त्या मोहाला तो बळी पडला असता तर पुढचे काही लिहायला उरले नसते. वेगाने त्याला शिखरावर नेले हे खरे, पण शिखरावरून परत आणले ते संयमाने. अर्थात निसर्गाचा वाटाही मान्य केला पाहिजे. त्या रात्री वारा पडलेला होता. मेर्कलच्या वेळचे वादळ त्या रात्री आले असते, तर बूलचा संयम आणि गोळ्या दोन्ही व्यर्थ गेल्या असत्या.

पहाट झाली आणि तो हलला. त्या दिवसभर त्याला सतत वाटत होते की आपल्याबरोबर कोणीतरी आहे. त्या अदृश्य सोबत्याशी तो बोलत होता, हरवलेल्या हातमोज्याबद्दल त्याला विचारीत होता आणि मागे वळल्यावर कोणी नाही हे पाहून चकित होत होता. शास्त्र सांगेल की विरळ हवा, तहान, श्रम आणि औषध ह्यांमुळे मेंदूला झालेला तो भास. ते बरोबरच आहे. तरीही एक गोष्ट मनाला स्पर्श करून जाते. केंप्टरसाठी तासभर न थांबलेल्या ह्या माणसाला, जिवावर बेतल्यावर, मनाने जी वस्तू निर्माण करून दिली ती म्हणजे सोबत. अन्न नाही, ऊब नाही, तर सोबत!

खाली काय चालले होते? फ्राउएनबेर्गर आणि एर्टल पाचव्या छावणीत परत आले होते आणि वाट पाहत होते. वरून काही खूण नव्हती. फ्राउएनबेर्गरने त्या दिवशी मूर्स हेड नावाच्या खडकावर १९३४ च्या मृतांच्या स्मरणार्थ फलक बसवला. त्या फलकावर आणखी एक नाव चढवावे लागणार की काय, अशी शंका त्याच्या मनाला शिवून गेली असेलच. आणि ४ जुलैच्या संध्याकाळी सातच्या सुमारास, निघाल्यापासून चाळीस तास उलटून गेल्यावर, उतारावरून एक आकृती लडखडत येताना दिसली.

एर्टलने त्या वेळी काढलेले बूलचे छायाचित्र जगभर गाजले. सुकून फाटलेले ओठ, खोल गेलेले डोळे, सुरकुतलेली कातडी. पाहणाऱ्याला वाटावे हा कोणी म्हातारा आहे. बूलचे वय त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचे होते! शिखरावरील छायाचित्रात कुऱ्हाड आणि झेंडा दिसतो, माणूस दिसत नाही. माणूस दिसतो तो ह्या दुसऱ्या छायाचित्रात. हिमदंशामुळे त्याला पायाची दोन बोटे गमवावी लागली.

एवढे झाल्यावर सन्मानाबरोबर वादही आले. मोहिमेच्या हकिकतीवर हक्क कोणाचा, ह्यावरून बूल आणि हेर्लिगकॉफर ह्यांच्यात तेढ पडली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तो शिखरावर खरोखरच पोचला होता का, अशी शंकाही काहींनी घेतली. तिला शेवटचे उत्तर १९९९ साली मिळाले. एका जपानी गिर्यारोहकाला त्याची बर्फकुऱ्हाड शिखरावर सापडली आणि ती बूलच्या पत्नीकडे पोचवण्यात आली. शेहेचाळीस वर्षे ती कुऱ्हाड साक्षीदारासारखी तिथे थांबून राहिली होती.

पण बूल तोवर राहिला नव्हता. १९५७ साली तो काराकोरममध्ये ब्रॉड पीक ह्या आठहजारी शिखरावर गेला. तुकडी अवघी चौघांची: श्मुक, विंटरस्टेलर, तरुण कुर्ट डीमबर्गर आणि बूल. उंचावर ओझी वाहणारे भारवाहक नाहीत, प्राणवायूची नळकांडी नाहीत. पुढे साऱ्या जगाने मान्य केलेली ही साधी, हलकी पद्धत त्या काळी धाडसाचीच होती. ९ जूनला चौघेही शिखरावर पोचले, पण एकदम नव्हे. जुन्या हिमदंशाने दुखावलेल्या पायामुळे बूल मागे पडला. डीमबर्गर शिखर गाठून परत येत होता. वाटेत त्याला बूल हळूहळू वर येताना दिसला. तेव्हा हा तरुण मागे वळला आणि सूर्यास्ताच्या वेळी बूलबरोबर पुन्हा एकदा शिखरावर गेला. चार वर्षांपूर्वी नंगा पर्वतावरही सूर्यास्तच होता, पण तेव्हा शेजारी कोणी नव्हते. बूलच्या सगळ्या आयुष्यात ह्या संध्याकाळीइतके सुंदर दुसरे काही नसेल, असे मला वाटते.

त्यानंतर अठराच दिवसांनी, २७ जून १९५७ रोजी, बूल आणि डीमबर्गर जवळच्या चोगोलिसा शिखरावर चढत असता वादळ आले आणि त्यांना सुमारे ७,३०० मीटरवरून परत फिरावे लागले. डीमबर्गर पुढे होता, बूल त्याच्या पावलांमागून येत होता. दोघांनी एकमेकांना दोराने बांधून घेतलेले नव्हते. पर्वताच्या धारेवर वाऱ्याने बर्फाची पोकळ झालर तयार होते. वरून ती घट्ट जमीन वाटते, खाली मात्र अधांतर असते. धुक्यात बूलची पावले वळण चुकून ह्या झालरीवर गेली आणि ती तुटली. डीमबर्गरने मागे पाहिले तेव्हा कोणी नव्हते. बूलचा देह कधीच सापडला नाही. वय पुरते तेहेतीसही नव्हते.

ज्या माणसाने दोराशिवाय, सोबतीशिवाय आठ हजार मीटरवर रात्र काढली, तो सोबती पुढे चालत असता काही पावलांच्या चुकीने गेला. ह्यात नियतीचा उपहास पाहता येईल. पण असल्या उपहासापेक्षा मला दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बूलला आपण एकाकी वीर म्हणतो. परंतु त्याच्या कथेत ठायी ठायी थांबलेली माणसे उभी आहेत. मेर्कलपाशी थांबलेला गे-ले, तंबूत वाट पाहणारे फ्राउएनबेर्गर आणि एर्टल, शिखरावरून उतरता उतरता मागे वळलेला डीमबर्गर. आणि त्यांच्याच रांगेत, त्या एका रात्रीपुरता, स्वतः बूल.

आपल्यापैकी फार थोडे जण हिमालयात जातील. पण ज्या वेळी पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही आणि हाताने करण्यासारखे काही उरत नाही, अशी वेळ परीक्षेच्या, आजारपणाच्या किंवा दुःखाच्या रूपाने प्रत्येकाच्या वाट्याला येते. धावण्याचे धडे आपल्याला सगळेच देतात. उजाडेपर्यंत उभे राहायला कोणी शिकवीत नाही. बूललाही ते कोणी शिकवले नव्हते. दोन पावलांच्या जागेवर तो एका रात्रीत ते शिकला.